झाडीत टिकले, डांबरावर खचले

प्रश्न : ताई, मी सांगलीची, वय ५४. एकटीच पायी नर्मदा परिक्रमेला निघाले आहे. शूलपाणीची झाडी, म्हणजे तो डोंगराळ जंगलाचा टप्पा, पार पडली, नदीच्या मुखाशी नावेने पलीकडच्या तीरावर मिठी तलाईलाही पोचले. पण दहेजहून भडोचला येणाऱ्या रस्त्याने जीव नकोसा केला. सध्या भडोचला थांबले आहे. रोज संध्याकाळी वाटतं, पुरे झालं, गाडी पकडून घरी जावं. काय करू?

उत्तर : नर्मदे हर! झाडीत प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. मुक्काम कुठे, पोटात काय जाणार, यातच दिवस मावळतो आणि मनाला कुरकुरायला सवड मिळत नाही. दहेजच्या रस्त्यावर कारखाने, टँकर, धूळ. नर्मदा मैया दिसतही नाही. माझेही सर्वांत जड गेलेले दिवस असे सपाट रस्त्याचेच होते, त्यामुळे तुमचं काही बिघडलंय असं मुळीच समजू नका.

आधी मोजे काढून पाय बघा. मन खचलं म्हणणाऱ्या कितीतरी परिक्रमावासींच्या टाचेला मला फोड दिसला आहे. फोड फार ताणला असेल तर उकळलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या, स्वच्छ पट्टी बांधा. मधुमेह असेल तर मात्र स्वतः टोचू नका, डॉक्टरांना दाखवा. इतके दिवस चालून पाऊल सुजतं, पसरतं. बूट चावत असतील तर भडोचच्या बाजारातून एक नंबर मोठे घ्या. पैशांकडे बघू नका.

मग एक अख्खा दिवस झोपा. थांबण्यात कमीपणा कसला? जुना नेम तर ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांचा आहे, आणि चातुर्मासात एका जागी राहायचं असतं.

घरी परतायचं की नाही हे संध्याकाळी ठरवू नका. त्या वेळी थकवा बोलत असतो. घरचा फोनसुद्धा सकाळी चहा झाल्यावर करा. मैयाचा उगम, अमरकंटक, त्याचा विचार आत्ता नकोच. पुढचा टप्पा शुक्लतीर्थ, जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. उजाडताच निघा, ऊन चढायच्या आत बरंचसं उरकेल. वाटेत टपरीवर बसा, दोन शब्द बोला. दिवसभर 'माताजी' यापलीकडे कुणी हाक मारत नाही, ते एकटेपण मला ठाऊक आहे. त्यापुढे नारेश्वर, दत्तभक्त संत टेंबे स्वामींचे शिष्य रंग अवधूत महाराजांचं स्थान. आणखी पुढे गरुडेश्वरला खुद्द स्वामींची समाधी. तिथे आपल्याकडची माणसं येतात, मराठी कानावर पडेल.

मात्र ताप, छातीत दुखणं, धाप लागणं किंवा एकाच पोटरीला सूज आली, तर तिथे जिद्द कामाची नाही. सरळ दवाखाना गाठा. घरी जावं लागलंच तरी जिथे थांबलात तिथूनच पुन्हा चालायला लागा. टप्प्याटप्प्याने परिक्रमा पुरी करणारे पुष्कळ आहेत.