भिंतींचे रंग झेरॉक्समध्ये उरत नाहीत

ऑटोकॅडमध्ये इमारतीचा प्लॅन काढताना स्क्रीनवर लाल, हिरव्या, निळ्या भिंती छान दिसतात. साइटवर मिस्त्रीच्या हातात मात्र काळी-पांढरी झेरॉक्स असते. म्हणून भिंतीचा प्रकार रंगावर सोडू नका. तो रेघेतून आणि हॅचमधून, म्हणजे भिंतीच्या आत भरलेल्या तिरक्या रेघांतून किंवा ठिपक्यांतून, कळला पाहिजे.

आधी स्केलचा हिशेब करा. १:१०० ला ११५ मिमीची भिंत कागदावर जेमतेम १.१५ मिमी येते. तिच्यात हॅच घातला की नुसता चिखल, त्यामुळे ती कोरीच ठेवा. २३० च्या विटेच्या भिंतीला ४५ अंशांचा हॅच, आरसीसी पूर्ण काळं, पाडायची भिंत तुटक रेघेत. ब्लॉकच्या भिंतीतले ठिपके १:५० लाच धड दिसतात. भिंतीची कड ०.५ मिमी, हॅचची रेघ ०.१३, दोन्ही सारख्याच जाड ठेवल्यात तर सगळं मुसळ केरात.

राखाडी फिल मला स्वतःला पटत नाही. पहिल्या प्रिंटला देखणा, झेरॉक्सच्या झेरॉक्सला एकतर गायब, नाहीतर काळाकुट्ट.

मोनोक्रोम सीटीबी (सगळे रंग काळ्यात छापणारी ऑटोकॅडची प्लॉट फाइल) लावूनही एखादी भिंत फिकट आली, तर तिला ट्रू कलर (क्रमांकाऐवजी आरजीबी आकड्यांनी दिलेला रंग) दिलाय का बघा. त्याला सीटीबी हात लावत नाही. आणि हॅचची सूची प्रत्येक शीटवर टाका, साइटवर पानं सुटी फिरतात.