समितीत सामान्य माणूस कशाला?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. एका रुग्णालयाने संशोधनाच्या नैतिकता समितीवर ‘सामान्य व्यक्ती’ म्हणून बोलावलंय. डॉक्टरांपुढे मी काय बोलणार? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, २०१९च्या औषधचाचणी नियमांनुसार रुग्णांवरच्या चाचण्या योग्य आहेत का हे तपासणाऱ्या, किमान ७ जणांच्या या समितीत सामान्य व्यक्ती लागतेच, ती गैरहजर असेल तर कोरमच (बैठकीला लागणारी किमान हजेरी) होत नाही. तेव्हा शोभेचं पद समजू नका. चाचणीत भाग घेणारे रुग्ण सही करतात त्या संमतिपत्राचा मराठी मसुदा आधी मागवा आणि मोठ्याने वाचा. घोटाळा बहुधा तिथेच असतो. ‘यादृच्छिक पद्धतीने गट ठरेल’ हे कुणाला कळणार? ‘तुम्ही चाचणीच्या कोणत्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टरही निवडणार नाहीत’ असं लिहायला लावा. रुग्णाच्या जादा फेऱ्यांचं एसटीभाडं, बुडालेली मजुरी, इजा झाली तर उपचारांचा खर्च कुणाचा, हेही विचारा. आक्षेप इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी सांगितलेले चहाबरोबर विरतात.