बाण मारू की माग काढू?

फासे-पान : वाचकांचे प्रश्न, कोल्हापूरच्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही चार खेळाडू आणि एक मास्टर (गोष्ट रचून खेळ चालवणारा) दर शनिवारी रात्री राजारामपुरीत एकाच्या गच्चीवरच्या खोलीत डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा, पात्र होऊन खेळायचा खेळ खेळतो. पुस्तक २०१४ चं, पाचवी आवृत्ती. माझं पात्र रेंजर, म्हणजे रानात वावरणारा लढवय्या, तिसऱ्या लेव्हलला आहे. डेक्स्टेरिटी (चपळाई) १६, विज्डम (शहाणपण) १४, हातात लाँगबो (लांब धनुष्य), आणि आर्चरी (नेमाला +२) घेतलेलीच आहे. आता नवी मोहीम सुरू होतेय. मास्टर म्हणाला, हवं तर २०२० च्या टाशाच्या पुस्तकातले पर्यायी नियम घे. फेवर्ड एनिमी (ठरलेल्या शत्रूचा माग काढायचं कसब) सोडून फेवर्ड फो घेतलं की बाणाला जादा डी-४ चं, म्हणजे चार बाजूंच्या फाशाचं, डॅमेज मिळतं. नॅचरल एक्सप्लोरर (निवडलेल्या प्रदेशात वाट काढायचं कसब) सोडून डेफ्ट एक्सप्लोरर घेतलं की एका स्किलचा प्रोफिशियन्सी बोनस (येत असलेल्या कामाला फाशात मिळणारी भर) दुप्पट होतो. मित्र म्हणतो, जंगलाचं सगळं फेकून दे आणि मारामारीचं घे, बाजीप्रभूंना काय ट्रॅकिंग येत होतं का? माझं मन जंगलात अडकलंय. काय करू?
– एक रेंजर, शाहूपुरी

उत्तर : आधी तुझ्या मित्राचं बघू. बाजीप्रभू खिंडीत लढले हे शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल. पण जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याचा वेढा चुकवून, भर पावसात, रात्रीच्या अंधारात ती माणसं घोडखिंडीपर्यंत पोचली कशी, ते विचार त्याला. वाटा पायाखालच्या असलेली माणसं बरोबर होती म्हणून पोचली. खिंड कुठं आहे हेच ठाऊक नसतं तर लढले असते कुठं, बिंदू चौकात?

आता हिशेब. मी उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा माणूस, त्यामुळे कुणी बोनस म्हटलं की आधी व्हर्नियर काढतो. वीस बाजूंच्या फाशावर +१ म्हणजे एक बाजू, म्हणजे पाच टक्के. तुझ्या आर्चरीचा +२ म्हणजे दहा टक्के. समोर ऑर्क नावाचा राक्षस आहे, आर्मर क्लास १३, म्हणजे फासा आणि बोनस मिळून १३ झाले की बाण लागला. आर्चरी नसती तर तुझा बाण शंभरात पासष्ट वेळा लागला असता, आता पंचाहत्तर वेळा लागतो. हा बोनस झोपेतही चालू असतो, दर बाणाला, फुकट. तो घेतलास ते चांगलंच केलंस.

फेवर्ड फोचं तसं नाही. त्यात शत्रूवर खूण लावायची, ते तुझ्या लेव्हलला दिवसातून दोनदाच वापरता येतं आणि दर फेरीला पहिल्याच लागलेल्या बाणावर डी-४ देतं. डी-४ ची सरासरी अडीच. लढाई तीन फेऱ्या चालली, तुझे बाण पंचाहत्तर टक्क्यांनी लागले आणि समोरचा तोवर जिवंत राहिला, तर एका वापरात साडेपाचच्या आसपास पॉइंट. दोन्ही वापर मिळून दिवसाला अकरा. तुझा एक साधा बाण सरासरी साडेसात डॅमेज करतो. म्हणजे ज्याच्यासाठी तू जंगल विकायला निघालास, त्याची किंमत दिवसाला दीड बाण. आणि हे सगळं जुळून आलं तर! ऑर्कला हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) पंधरा. दोन बाणांत तो आडवा झाला की खूण त्याच्याबरोबरच मेली. दुसऱ्याला लावायची तर दुसरा वापर खर्च.

त्यातही एक मेख आहे. फेवर्ड फोला कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे सतत लक्ष, लागतं. तुझ्याकडे हंटर्स मार्क हा मंत्र असणारच, रेंजर झाला आणि ते नाही असा मी तरी पाहिलेला नाही. त्यालाही कॉन्सन्ट्रेशन लागतं. दोन्ही एकदम चालत नाहीत. हंटर्स मार्क डी-६ देतं, प्रत्येक लागलेल्या बाणाला देतं, तासभर टिकतं, आणि एक मेला की दुसऱ्यावर सरकवता येतं. शिवाय खूण केलेला पळून गेला तर त्याला शोधताना परसेप्शन (चाहूल घेणं) आणि सर्व्हायव्हलला (रानात माग आणि वाट काढणं) अॅडव्हांटेज मिळतो. तिसऱ्या लेव्हलला तुझ्याकडे पहिल्या पातळीचे तीन स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या तीन संधी, आहेत. मग डी-४ वाल्या धाकट्याला घरात घेऊन करायचं काय?

तेव्हा तो अर्धा प्रश्न मिटला. फेवर्ड फो नको.

आता जंगलाकडे येऊ, आणि इथं मी तुझ्या बाजूनं बोलेन असं तुला वाटत असेल तर थांब. नॅचरल एक्सप्लोरर मलाही आवडत नाही. कागदावर ते लई भारी दिसतं. आठ प्रकारच्या प्रदेशांतला एक निवडायचा. त्यात अवघड वाटेनं पार्टीची चाल मंदावत नाही, जादू सोडली तर वाट चुकत नाही, खाणं दुप्पट मिळतं, माग काढताना किती जण गेले, केवढे होते, कधी गेले ते नेमकं कळतं. माझ्या पहिल्या रेंजरला मी जंगल घेतलं होतं. (रेंजर झालो म्हणून घरी सांगितलं तर सासरे खूश, त्यांना वाटलं राधानगरीला वनखात्यात लागलो.) मास्टर होता माझा पुतण्या. पोरानं आठवडाभर बसून तीन दिवसांचं जंगल रचलेलं. फसव्या पायवाटा, पूर आलेला ओढा, सगळं. मी माझ्या पात्राच्या शीटवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "आम्ही चुकत नाही, बाबा." त्यानं वही मिटली. "बरं. पोचला." संपलं जंगल. त्याचं तोंड एवढंसं झालं, आणि खरं सांगायचं तर माझंही.

आता दुसरी गोष्ट सांगतो. एका जुलैत आम्ही सातजण पन्हाळा ते पावनखिंड चालत निघालो. राजदिंडीनं उतरून म्हसाईच्या पठारावर आलो आणि धुकं असं आलं की दहा फुटांवरचा माणूस दिसेना. तासभर चाललो. मग एक दगड लागला आणि त्यावर बिस्किटाचा चुरा. मघाशी आम्हीच तिथं बसून पुडा फोडला होता! पुढारी कोण यावरून भांडण झालं, जळवा चढल्या, एकाची चप्पल चिखलात गेली. (चप्पल घालून का आला होता, विचारू नकोस.) शेवटी गुरांमागून एक धनगर म्हातारा आला, डोक्यावर इरलं. तो हसला आणि म्हणाला, "वारं तोंडावर घ्या आन चला की वं." बस्स. पावसाळ्यात तिथं वारा पश्चिमेकडून येतो आणि आम्हाला जायचं होतं पश्चिमेला. त्या म्हाताऱ्याला सर्व्हायव्हलला एक्स्पर्टीज (दुप्पट बोनस) होती बघ. गेली कित्येक वर्षं आम्ही चहाला बसलो की खिंडीबद्दल कमी आणि त्या दगडाबद्दलच जास्त बोलतो. वाट चुकणारच नाही असा नियम आमच्या शीटवर असता तर सांगायला उरलं काय असतं?

आणि ते पठार कुठल्या प्रदेशात धरशील? वर गवताळ, खाली उतरलं की रान, आजूबाजूला डोंगर. एका दिवसाच्या चालीत तुझ्या पुस्तकातले तीन प्रकार येऊन जातात, आणि तू निवडलेला असतोस एक.

म्हणून डेफ्ट एक्सप्लोरर घे. ते कुठल्याही प्रदेशात चालतं, वर दोन भाषा मिळतात, आणि मुख्य म्हणजे फासा टाकावा लागतो. तू तरबेज असतोस, पण चुकू शकतोस. सर्व्हायव्हल निवड. प्रोफिशियन्सी २, दुप्पट केली की ४, त्यात विज्डमचे २, एकूण +६. घनदाट रानात वाट काढायला साधारण १५ लागतात, म्हणजे नऊ किंवा वर पडायला हवेत, साठ टक्के. एक्स्पर्टीज नसती तर पन्नास.

आता तुझा मित्र म्हणेल, इथंही दहा टक्केच, आर्चरीएवढेच. बरोबर आहे त्याचं. पण मी कारखान्यात रोज पाचशे बुश काढतो. त्यातला एक बिघडला तर तो भंगाराच्या डब्यात टाकून पुढचा लावतो. महिन्यातून एकदा मोठं कास्टिंग येतं, ते बिघडलं की मालक वरून खाली येतो. बाण हे बुश आहेत. संध्याकाळभरात तीस मारशील, एक चुकला तर फेरी गेली. वाट काढायचा फासा संध्याकाळी एकदा पडतो, आणि तो चुकला तर अख्खी रात्र जाते, घोडा जातो, थकव्याची पायरी चढते, आणि लढाई ठरते तीही दुसऱ्याच्या जागेवर. बोनस केवढा हे एकट्यानं काही सांगत नाही. किती वेळा लागणार आणि चुकलं तर काय जाणार, दोन्ही धर.

परसेप्शन का नको? ते जास्त वेळा लागतं, खरं आहे. पण परसेप्शन चौघंही टाकता, कुणाचा ना कुणाचा लागतोच. वाट काढायला मात्र सगळे तुझ्याच तोंडाकडे बघतात.

फेवर्ड एनिमी तसंच ठेव. त्यानं मारामारीत कवडीचा फायदा नाही, पण ठरलेल्या शत्रूचा माग काढताना अॅडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा. वरच्या साठ टक्क्यांचे मग चौऱ्याऐंशी होतात. फक्त शत्रू आंधळेपणानं निवडू नकोस. मास्टरला सरळ विचार, पहिल्या चार-पाच शनिवारी कोण भेटणार? तो सांगेल. ड्रॅगन भारी वाटतो म्हणून घेतलास तर ड्रॅगन भेटेस्तोवर तुमच्यातल्या दोघांची लग्नं होतील.

मास्टरला आणखी एक विचारून घे : तो वाटेचे फासे टाकायला लावतो का? बरेच मास्टर "तीन दिवसांनी तुम्ही पोचता" म्हणून मोकळे होतात. तुझाही त्यातला असेल तर मी वर लिहिलेलं सगळं पाण्यात, मग परसेप्शनच घे. खाण्याचा हिशेब ठेवतो का हे मात्र विचारू नकोस. तुझ्याकडे गुडबेरी हा मंत्र असेल तर एका स्लॉटमध्ये दहा बोरं होतात, आणि एका बोरावर एका माणसाचा दिवस निघतो. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या माणसाला ते पटत नाही, पण नियम आहे.

प्रश्न : आतेभावानं ३.५ आवृत्तीची जुनी पुस्तकं दिली. त्यात फेवर्ड एनिमीला डॅमेजचा +२ आहे आणि लिसन, स्पॉट, सर्व्हायव्हललाही +२ आहे. म्हणजे मारामारी आणि जंगल दोन्ही! हेच पाचव्या आवृत्तीत वापरू का?
– गडहिंग्लज

उत्तर : ताई, २००३ च्या त्या खेळात रेंजरला निवडायला लावतच नव्हते, शत्रू ठरला की लढाई आणि माग दोन्ही सुधारायचं. मला ती रचना आजही जास्त पटते. पण तिथं आकडे वर वर चढत जातात, पाचव्या आवृत्तीत ते मुद्दाम खाली ठेवलेत. तिथला +२ इथं आणलात तर इंची बोल्टला मिलिमीटरचा नट लावल्यासारखं होईल. दोन आटे फिरतो, मग अडकतो. खेळायचंच तर ती आवृत्ती पूर्ण खेळा, पुस्तकं आहेतच.

प्रश्न : माझा फासा खोटा आहे असं सगळे म्हणतात. कसं तपासू?
– इचलकरंजी

उत्तर : फासा प्लॅस्टिकचा असेल तर ग्लासभर पाण्यात तो तरंगेपर्यंत मीठ घाल. मग बोटानं पुन्हा पुन्हा बुडव आणि वर काय येतं ते लिही. सारखा तोच आकडा वर येत असेल तर त्याच्या विरुद्ध बाजू जड आहे. मी एकदा हौसेनं मिलिंगवर डिव्हायडिंग हेड लावून पितळेचा वीस बाजूंचा फासा केला होता. त्याला पाण्यात घालायची गरज पडली नाही, तो टेबलावरच सात दाखवून बसायचा. आता लाइटबिलांवर वजन म्हणून ठेवलाय, तिथंही सातच वर आहे.