भ्रष्टाचार रोखायला कडक कायदा पुरेसा आहे, की राजकीय इच्छाशक्तीने खरंच फरक पडतो?

फरक पडतो, आणि माझ्या मते कायद्यातल्या कलमांपेक्षा जास्त पडतो. तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेलं हाँगकाँग बघा. तिथे १९७१ पासून कडक लाचविरोधी कायदा होता, पण तपास पोलिसांच्याच शाखेकडे आणि पोलीस दल स्वतः हप्त्यांत बुडालेलं. १९७३ मध्ये पीटर गॉडबर हा वरिष्ठ पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना इंग्लंडला पळाला आणि लोक रस्त्यावर उतरले. तेव्हा गव्हर्नर मॅकलिहोस यांनी १९७४ मध्ये पोलिसांपासून पूर्ण वेगळा, थेट गव्हर्नरला जबाबदार असा भ्रष्टाचारविरोधी आयोग नेमला. पुढच्याच वर्षी गॉडबरला परत आणून तुरुंगात टाकलं. लाचविरोधी कायदा मुळात तोच होता. बदललं ते तपास कोणाच्या हातात द्यायचा हे.

आपल्याकडे उलट झालं. लोकपाल कायदा जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला, पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. निवड समितीसाठी विरोधी पक्षनेता नाही, ही सबब होती; त्यासाठी नेमणूक अडवायचं कारण नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलं होतं. पाच वर्षं वाया गेली, याची चीड येते.

मात्र इच्छाशक्तीही दबावाखाली वाकते. हाँगकाँगमध्येच १९७७ साली चिडलेले पोलीस या आयोगाच्या कार्यालयात घुसले, तेव्हा याच मॅकलिहोस यांना जुन्या बहुतेक प्रकरणांना माफी द्यावी लागली. आयोग मात्र टिकला, कारण तो एव्हाना कायद्याने उभा होता.