नाशिक रोडला झेरॉक्सचं दुकान आहे, लॅपटॉप जुना, 4 जीबी रॅम. लिनक्स कधी वापरलं नाही, कोणतं टाकू?

लिनक्स मिंटची एक्सएफसीई (जुन्या मशीनवर हलकी चालणारी) आवृत्ती टाका. मिंटवाले किमान 2 आणि नीट चालायला 4 जीबी रॅम सांगतात, शिवाय मेन्यू विंडोजसारखाच खाली डाव्या कोपऱ्यात, त्यामुळे हात लगेच बसतो. मिंटच्या 22 मालिकेला 2029 पर्यंत अपडेट आहेत. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस या विंडोजवरच्या छोट्या सॉफ्टवेअरने आयएसओ (मिंटची इन्स्टॉल फाइल) चढवा, पण इन्स्टॉलची घाई नको. आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालवून वाय-फाय आणि (तुमच्यासाठी तेच महत्त्वाचं) प्रिंटर-स्कॅनर तपासा. ब्रॉडकॉमचं वाय-फाय कार्ड कधी कधी ओळखलंच जात नाही; तेव्हा मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा (मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला द्या) आणि मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडून वाय-फायचा ड्रायव्हर टाका. मात्र टॅली यावर थेट चालत नाही. हिशेब त्यात असेल तर विंडोज पुसू नका, शेजारी ठेवा.