तुझ्या किनाऱ्याला कुलूप कुणी लावलंय?

‘मावशी, सुट्टीत दहा वर्षांच्या लेकीबरोबर ‘रोबोट ड्रीम्स’ पाहिला. कार्टून म्हणून लावला आणि शेवटी दोघी रडलो. लेक दिवसभर गप्प होती. नणंद म्हणाली, लहान पोरांना असलं काय दाखवतेस! पण माझं रडू वेगळं होतं. सांगलीच्या हॉस्टेलमध्ये माझी एक मैत्रीण होती, एका ताटात जेवायचो. सहा वर्षांपूर्वी तिचे वडील आजारी पडले आणि गेले. मी ‘येते, येते’ म्हणत राहिले आणि गेलेच नाही. मुलगी लहान होती, सासूबाईंचं ऑपरेशन होतं. नंतर लाज वाटून फोनही बंद झाले. ती आता कोल्हापुरात असते, बायकांच्या एका ग्रुपबरोबर गड चढते. स्टेटसला हसरे फोटो असतात. मला मात्र आता मैत्रीण म्हणावी अशी कुणी नाही. त्या रोबोने शेवटी कुत्र्याला हाक मारली नाही, लांबूनच त्याचं बरं चिंतलं. मीही तसंच करावं ना? उगाच तिच्या सुखात कशाला जायचं?’
– एक वाचक, ठाणे

प्रिय मुली,

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात गोष्ट सांगते, मग तुझ्याकडे वळते. सारा व्हॅरन यांची 2007 ची चित्रकथा आहे, तिच्यावर पाब्लो बर्जर या स्पॅनिश दिग्दर्शकाने 2023 साली हा सिनेमा केला. पुढच्या वर्षी तो ऑस्करच्या नामांकनातही होता. पावणेदोन तासांत एकही संवाद नाही. 1980 च्या दशकातलं न्यूयॉर्क, आणि तिथे माणसांच्या जागी प्राणी राहतात. एक कुत्रा एकटाच राहतो. एकटा किती, तर दोघांनी खेळायचा व्हिडिओ गेम तो स्वतःशीच खेळतो, या हाताने चेंडू मारतो आणि त्या हाताने परतवतो. टीव्हीवर जाहिरात पाहून तो रोबो मागवतो, घरीच जोडतो, आणि दोघांची अशी काही गट्टी जमते की विचारू नका. मग दोघे समुद्रावर जातात, मनसोक्त पोहतात आणि रोबो गंजून वाळूतच अडकतो. कुत्र्याला तो ओढत नाही. दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन येतो तर मोसम संपल्यामुळे फाटकाला कुलूप. किनारा उघडणार थेट 1 जूनला.

आता तुझ्याकडे येते. रागावू नकोस, पण तू स्वतःला चुकीच्या पात्राच्या जागी बसवलं आहेस. तुला वाटतंय तू रोबो आहेस, वरून रस्त्यावरच्या मैत्रिणीकडे बघणारी. अगं, सांगलीच्या गोष्टीत वाळूत अडकली होती ती. सोडून गेलीस ती तू.

आणि त्या कुत्र्याने काय काय केलं ते आठव. फाटकावर गेला. परवानगीसाठी रीतसर अर्ज केला, तो नामंजूर झाला. रात्री कुंपण तोडायला गेला आणि पकडला गेला. कुणी त्याला विचारलं असतं की बाबा रे, तू काय केलंस, तर सांगायला त्याच्याकडे काहीतरी होतं. 1 जून उजाडल्यावर तो धावत गेला, तोवर रोबो भंगारात गेलेला होता. तुझ्या लेकीला कदाचित हेच खुपलं असेल, की आपल्याला आवडणारा कुत्रा वाईट वागलेला नाही आणि तरी मैत्री गेली. लहान मुलांच्या गोष्टींत सहसा कुणीतरी दुष्ट असतो, त्याच्यावर राग काढता येतो. इथे राग काढायचा कुणावर, गंजावर?

तुझ्या किनाऱ्याला मात्र कुलूप नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेस रोज कोल्हापूरला जाते. तिचा नंबर तुझ्याकडे आहे, नाहीतर स्टेटस कसे दिसले असते? आणि तिच्याकडे तुझा अजून सेव्ह आहे, नाहीतर तिचे स्टेटस तुझ्यापर्यंत पोचलेच नसते, हे ध्यानात आलं का? सासूबाईंचं ऑपरेशन, लहान मुलगी, ही खरी अडचण होती, मला मान्य आहे. पण ती त्या दोन-चार महिन्यांची. पुढची सगळी वर्षं अडचणीची नव्हती, संकोचाची होती. आता त्या संकोचाला तू सिनेमातला त्याग नेसवायला निघाली आहेस, आणि ते काही मला पटत नाही.

रोबोने हाक का मारली नाही, तो शेवट पुन्हा डोळ्यांसमोर आण. रास्कल नावाच्या रॅकूनने त्याला भंगारातून उचललं, छातीच्या जागी टेपरेकॉर्डर बसवून उभं केलं. त्याला नवा सोबती मिळाला. खाली रस्त्यावरून कुत्रा चाललाय, बरोबर त्याचा नवा रोबो. हा वरून बघतो, धावत जाऊन मिठी मारल्याचं मनात रंगवतो, आणि पुढचंही त्याला दिसतं. हाक मारली की चौघांची ओढाताण होणार, नव्या दोघांपैकी कुणीतरी एकटं पडणार. म्हणून तो फक्त त्या दोघांचं जुनं गाणं मोठ्याने लावतो. खाली कुत्र्याचे पाय आपोआप ठेका धरतात, इकडे याचे. कुत्रा मान वर करून बघतो तेव्हा हा आडोशाला होतो. मग गाणं बदलून रास्कलसाठी त्याच्या आवडीचं लावतो. मोठ्यांच्या सिनेमांतही निरोप इतका नीट घेतलेला मी फारसा पाहिलेला नाही.

तुझ्या एका मेसेजने मात्र कोल्हापुरात कुणाची ओढाताण होणार आहे? गड चढणाऱ्या बायका तिला ग्रुपमधून काढणार आहेत का? तिला दोघींतली एक निवडायची नाहीये.

तेव्हा लिही. फोन नको, फोनवर तिला तत्क्षणी काहीतरी बोलावं लागेल, आणि बहुतेक ती ‘अगं, जाऊ दे गं’ म्हणून तुलाच सावरत बसेल. मेसेज कर, आणि छोटा. साधारण असा: ‘बाबांच्या वेळी मी यायला हवं होतं. आले नाही. ते मनातून गेलेलं नाही. तुझे गडावरचे फोटो बघते, बरं वाटतं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’ बस. सासूबाईंचं ऑपरेशन त्यात घालू नकोस, कारण सांगितलं की माफी मागितल्यापेक्षा बाजू मांडल्यासारखं वाटतं. ‘आठवतं का आपण एका ताटात...’ हेही आत्ता नको. आणि ‘मला माफ कर’ तर अजिबात नको, ते म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं. पाठवल्यावर निळ्या टिका मोजत बसू नकोस.

उत्तर आलं आणि कोरडं आलं, ‘थँक्स, बरी आहेस ना’ एवढंच, तर तेवढंच घे. पूर्वीची मैत्री परत मिळावी हा हट्ट सोडायचा, माणूस नव्हे. काहीच आलं नाही, तर मग खुशाल रोबोसारखं लांबून बरं चिंत. तेव्हा तुझा तो हक्क असेल.

पत्रातलं एक वाक्य तू घाईने टाकलं आहेस, की आता मैत्रीण म्हणावी अशी कुणी नाही. मला तर ते कोल्हापूरपेक्षा मोठं वाटतं. सिनेमाचा मधला भाग आठव, लोक तो लवकर विसरतात. रोबो अडकलेला असताना कुत्रा हिवाळाभर काय काय करून बघतो! अनोळखी मंडळींबरोबर बर्फात घसरायला जातो आणि फजिती करून घेतो. पतंग उडवताना एक बदक भेटते, छान जमू लागते, आणि ती युरोपला निघून जाते. चाळिशीत नवी मैत्री अशीच होते, अर्धीमुर्धी, अवघडलेली, दोन-तीन वेळा वाया जाणारी. तुझ्या लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर चाळीस आया असतील, त्यातल्या एखादीचं बोलणं तुला बरं वाटत असेलच. तिला घरी बोलव, मुलींना नव्हे, तिला. मुलींच्या निमित्ताने बोलावलंस तर दोघी अभ्यास आणि क्लास यांवरच बोलाल आणि पाच वाजता ती निघेल. मैत्रिणीच्या सुखी फोटोंकडे बघताना जे टोचतं, त्यातलं निम्मं अपराधाचं असेल. उरलेलं, आपल्याला असे फोटो काढायला कुणी नाही याचं आहे. ते निम्मं कोल्हापूरहून सुटणार नाही.

लेकीचं म्हणशील तर ती गप्प आहे म्हणून घाबरू नकोस, आणि ‘अगं, शेवटी सगळे आनंदातच होते ना’ असं सांगून तिला घाईने गप्पही करू नकोस, ती आधीच गप्प आहे! ती विचारेल तेव्हा बोल. कुत्र्याने दुसरा रोबो का आणला, पहिला आवडत नव्हता का, असं विचारलं तर तिलाच विचार की तुला काय वाटतं. तिच्या वर्गातली कुणी शाळा सोडून गेली असेल तर तेही त्यातूनच बाहेर येईल. तू का रडलीस हे तिने विचारलं तर खरं सांग, दोन वाक्यांत. दहा वर्षांच्या मुलीला आईची एक मैत्रीण होती हे कळायला हरकत नाही.

आणि नणंदेला पुढच्या वेळी सिनेमाला बरोबर बसव. अर्ध्यावर उठली नाही तर मला कळव.

– मावशी