रंधा हाती घेतला का जीव घाबरते

"मॅडम, पयले लाकूड पाह्यलं का हात शिवशिवत. आता रंधा हाती घेतला का जीव घाबरते."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले हे सुतार, चाळिशीतले. बायकोनं जवळजवळ ओढूनच आणलेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आवडीचं काम पोटापाण्याचं झालं आणि त्यातली गोडीच गेली, ही तक्रार मी समुपदेशक म्हणून शिवणकाम करणाऱ्या बायांकडूनही नेहमी ऐकते.

आधी झोप, भूक आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारलं. तसं काही नव्हतं. असते, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन असंच राहिलं, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सेवेच्या 14416 या सरकारी नंबरवर फोन करा, तो मोफत आहे, हेही सांगितलं.

मग विचारलं, "शेवटची कोणती वस्तू करून झाल्यावर तुम्ही पुन्हा पुन्हा पाहिली?"

"पोरीच्या तान्ह्या पोळ्याचा नंदी." तान्हा पोळा म्हणजे लहान मुलांचा पोळा, त्यात मुलं लाकडी बैल मिरवतात. बोलता बोलता त्यांचा अंगठा माझ्या टेबलाच्या कडेवर फिरू लागला, जणू खाली वशिंडच होतं. त्या वशिंडाला दोन संध्याकाळी काचकागद मारला होता म्हणे.

"आणि कोणती वस्तू पाहवत नाही?"

बराच वेळ ते गप्प बसले. मग सहा दारं निघाली. लग्नसराई, वास्तुशांती, सगळ्यांनाच घाई. सागवान पुरतं सुकलेलं नसताना दारं करून दिली आणि उन्हाळ्यात ती आकसली, पिळली, फळ्यांमध्ये फटी पडल्या. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं, हे त्यांनीच मला समजावलं. आणि हे माहीत असूनही दारं दिली, तेच त्यांना खात होतं. त्या घरांपुढून जायचं टाळून ते लांबच्या रस्त्यानं जात.

अशा वेळी लोक सांगतात, थोडी सुट्टी घ्या, दुसरा छंद लावा. मी ते सांगितलं नाही. हा माणूस लाकडाला कंटाळलाच नव्हता. मनाला न पटणारं काम हातून होत होतं आणि कुणाला नाही म्हणवत नव्हतं.

मी गिऱ्हाईक झाले आणि आम्ही सराव केला. "दादा, लाकूड ओलं हाय. दिवाळीनंतर देतो." दोनदा आवाज घशातच अडकला, तिसऱ्यांदा वाक्य पुरं झालं. एका वेळी दोनच कामं घ्यायची आणि तारखांची वही बायकोनं ठेवायची, असं ठरलं. फळ्या सावलीत, मधे पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचायच्या, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. दोन गिऱ्हाइकं तुटली, तो महिना ओढाताणीचा गेला, हेही खरं.

तिसऱ्या भेटीला आले तेव्हा बाहीवर भुसा होता. तीन दारं घरोघरी जाऊन दुरुस्त करून दिली होती, पैसे न घेता. दहाच मिनिटं बसले.

"निघतो मॅडम, चौथं दार खोलून ठेवलं हाय."